सा ला हात लावायचा नाही

मारव्यावरून आमच्याकडे दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्षांत मिळून माणसं दोनच. एक बाई, ज्या मला गाणं शिकवतात. दुसरे नाना, जे बाईंच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसतात आणि शिकवणी चालू असताना बोलायचं नाही हा नियम आठवड्यातून एकदा तरी मोडतात. मी पन्नाशी उलटल्यावर शिकायला आलेला. म्हणजे बाईंच्या लेखी फार उशिरा आलेला, आणि नानांच्या लेखी आयता श्रोता.

भूप, यमन, दुर्गा, बागेश्री असं करत मी मारव्यापर्यंत पोचलो ते पावसाळ्याच्या तोंडावर. त्या संध्याकाळी बाईंनी तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून चढवत चढवत मंद्र निषादात आणली. तार तुटते की काय म्हणून मी मागे सरकलो. जवारीचा दोरा सरकवून त्यांनी आवाज मोकळा केला आणि म्हणाल्या, “सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी. पंचम वर्ज्य. आता म्हणा, नि रे ग म ध, ध म ग रे. सा ला हात लावायचा नाही.”

“किती वेळ?”

“मी सांगेपर्यंत.”

वीसएक मिनिटं मी तेच म्हणत होतो. लग्नघरात पान मांडलेलं आहे, पंगत दिसते आहे, पण ‘बसा’ म्हणायला कोणी येत नाही, तसं वाटत होतं. रे वर थांबलो की आवाज आपोआप खाली सा कडे घसरायचा आणि बाई मांडीवर हलकी टिचकी मारायच्या. तीव्र मध्यमावर थांबलो की तो वर पंचमाकडे ओढ घ्यायचा, पुन्हा टिचकी. महिनाभर हेच चाललं. शेवटी नानांना राहवलं नाही.

नाना: बाई, त्याला काय होतंय ते त्याला सांगा तरी.

बाई: काय सांगू? होतंय ते त्याला कळतंयच की.

नाना: त्याला वाटतंय हे स्वरच कर्कश आहेत. ते तसे नाहीत. अरे, ये इकडे. पांढरी एक हा सा धरू. ती तू दाबून धरायची नाहीस, आत्ता नुसतं ऐक.

त्यांनी भाता हलवला आणि पांढरी सहा, पांढरी सात, काळी एक, पांढरी तीन, काळी तीन अशा पाच पट्ट्या चढत्या-उतरत्या वाजवल्या. मी ओळखलं. माझा पहिला राग होता तो.

मी: भूप.

नाना: भूप. आता पांढरी सहा म्हणजे आपल्या मारव्याचा धैवत. ध नि रे ग म. मारव्यातून सा काढून टाकलास की उरलेले पाचही स्वर धैवताला सा मानलेला चक्क भूप आहे. लहान पोराला झोपवताना गातात तो राग! आता तुझं बोट ठेव पांढऱ्या एकवर, आणि उचलू नकोस.

मी बोट ठेवलं. नाना त्याच पाच पट्ट्या, त्याच क्रमाने वाजवत राहिले. खोलीत कोणी तरी दिवा घालवावा तसा भूप नाहीसा झाला. स्वर तेच, हात तोच, पण आता प्रत्येक स्वर माझ्या बोटाखालच्या त्या एका पट्टीला टोचत होता. मी न राहवून बोट उचललं. भूप परत आला.

नाना: कळलं? भांडखोर स्वर एकच, आणि तो म्हणजे सा. बाकीचे पाच जण आपसांत गुण्यागोविंदाने नांदताहेत.

ही गोष्ट मला आजवर कोणी सांगितली नव्हती. शास्त्राच्या परीक्षांना मी वादी रे, संवादी ध असं घोकून लिहिलं होतं आणि गुण मिळवले होते. नाना आता थांबणार नव्हते. कोमल रिषभाला सा मानून तेच पाच स्वर वाजवले तर मालकंस झाला. गंधाराला मानलं तर दुर्गा, निषादाला मानलं तर मधमाद सारंगाचे स्वर, तीव्र मध्यमाला मानलं तर धानी. मूर्च्छनाभेद हा शब्द पुस्तकात वाचला होता, पण तो असा बोटांखालून जाताना प्रथमच ऐकला. आणि लक्षात आलं की मारव्यात ज्या दोन स्वरांवर राहायचं, त्यातला रे मालकंसाकडे ओढतो आणि ध भूपाकडे. त्यांच्यामध्ये घरचा धनी दाराशी ताटकळत उभा.

बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांचं गप्प राहणं सहमतीचं नसतं.

बाई: झालं? आता ह्यांनी धैवतावर थांबलं की ह्यांना भूपच ऐकू येणार. इतके दिवस निदान अस्वस्थ तरी होत होते. तेवढंच त्यांच्याकडे होतं, तेही तुम्ही काढून घेतलंत.

नाना: अस्वस्थ का होतो हे कळलं तर वाईट काय?

बाई: कळलेलं माणूस धरून बसतो. गळ्याला ते कळावं लागतं, आणि गळ्याला तुमची पेटी दिसत नाही.

इथे एक सांगायला हवं. नानांच्या पेटीवर बाईंचा राग जुना आहे, आणि तो केवळ बाईंचा नाही. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीला जी बंदी घातली ती तीसेक वर्षं टिकली. नाना आजही तो विषय निघाला की स्वतःच्या बापाला कोणी तरी बोललं असावं तसा चेहरा करतात. पण मारव्याच्या रिषभाच्या बाबतीत बाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि त्याची फोड मात्र नानांनीच केली. बाईंना आकडे आवडत नाहीत.

बाई: तुमचा तो काळी एकचा रे मला नको आहे. ह्यांनी तंबोऱ्यावरून रे लावावा.

नाना: तंबोऱ्यावरून कुठला रे? सा ची 240 आंदोलनं धरा. पुस्तकी हिशेबाने कोमल रे 256. पण तीव्र मध्यमाशी जुळवलात, म-रे असं स्वच्छ मध्यम-षड्जाचं अंतर ठेवलंत, तर येतो 253. आणि 400च्या धैवताशी गोडीत लावलात तर 250. पेटीत आहे 254. म्हणजे पेटी खोटं बोलत असेल तर ती तिघांशीही थोडं थोडं खोटं बोलते!

बाई: आणि मी म्हणते की रे एकाच जागी नसतोच. ध म ग रे करत खाली आलात की तो वेगळा लागतो, नि रे करत वर गेलात की वेगळा. माझ्या गुरूंनी मला हे कधी आकड्यांत सांगितलं नाही. ते म्हणायचे, जरा चढा ठेव. आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचे, इतका नाही.

दोघं एकच सांगत होते, हे मला ऐकू आलं. त्या दोघांना मात्र ते आवडलं नसतं, म्हणून मी बोललो नाही.

सा आणि हा रे एकत्र वाजले की सेकंदाला दहा ते सोळा हेलकाव्यांची थरथर होते. हे नानांनी नंतर मला जिन्यात सांगितलं. रियाजात मी तीच थरथर ऐकायला शिकलो. रे बरोबर लागला की ती एकसारखी राहते, आवाज घसरू लागला की मंदावते, आणि सा मध्ये मिसळला की थांबते. ती थांबण्याचा मोह हाच मारव्यातला सगळ्यात मोठा शत्रू. ती थांबली की बरं वाटतं, आणि बरं वाटलं की बाईंची टिचकी बसते.

तंबोऱ्याबद्दलही एक. पंचम वर्ज्य म्हणून आपण पहिली तार निषादात लावतो, पण पंचम खोलीतून जात नाही. जोडाच्या तारांतून सा च्या तिपटीचा स्वर उमटतोच, तो पंचम. आणि निषादाच्या तारेतून तिच्या तिपटीचा स्वर उमटतो, तो तीव्र मध्यम. दोघं अर्ध्या स्वराच्या अंतरावर, एकाच तंबोऱ्यात. बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “मध्यम तंबोऱ्यातून उचला,” तेव्हा मला वाटलं ही बोलायची पद्धत आहे. तो खरोखरच तिथे असतो. आमचा तंबोरा मिरजेचा. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा नानांनी पेढे वाटले, त्यात पेटीचा काही संबंध नसताना.

पुढच्या आठवड्यात वाद पुन्हा पेटला, तो पूरियावरून.

नाना: बाई, एक प्रश्न विचारू? मारवा, पूरिया, सोहनी. तिन्ही रागांत हेच सहा स्वर. मग पूरिया ऐकताना माणूस निवांत का होतो?

बाई: कारण पूरिया मंद्रात राहतो, ग आणि नी वर बसतो. सोहनी तार सा च्या अंगणात खेळते, रात्र सरताना. मारवा दिवस बुडताना रे आणि ध वर राहतो. चाल वेगळी म्हणून राग वेगळा. हे मी पहिल्या वर्षी शिकवते.

नाना: हो, पण ग आणि नी का, हे कोणी विचारत नाही. ग-नी मध्ये षड्ज-पंचमाचं नातं आहे. सोहनीचे ध-ग घ्या, तिथेही संवाद आहे. भरतमुनींच्या भाषेत संवादी स्वर म्हणजे नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर. मारव्याचे रे आणि ध घ्या आणि मोजा. नऊही नाही, तेराही नाही. सहा स्वरांत जुळणाऱ्या इतक्या जोड्या पडल्या असताना मारव्याने वादी-संवादी म्हणून न जुळणारी जोडी उचलली. भातखंड्यांनी ते तसंच लिहून ठेवलं, आणि वर ज्या थाटाला मारव्याचं नाव दिलं त्या थाटात पंचम आहे!

बाई: त्यांना वाजता-गाताना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. नियम मोडला तर मोडला. मला उलट हे आवडतं.

बाईंना आवडतं म्हणजे काय, ते मला नीट कळलं ध्वनिमुद्रणं ऐकताना. बाईंचा मारवा अमीर खाँसाहेबांचा. त्या जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. बाईंनी दरबारीची बाजू फारशी लावलेली नसावी. खाँसाहेब इतक्या अतिविलंबित लयीत जातात की सा न मिळणं ही तक्रार राहत नाही, ती हवा होऊन जाते. नानांचा मारवा वसंतराव देशपांड्यांचा. वसंतराव लाहोरला असद अली खाँकडे मारवा शिकले, ही गोष्ट 2022 च्या ‘मी वसंतराव’ या चित्रपटाने नव्या पिढीपर्यंत नेली, पण नानांना ती तोंडपाठ होती. वसंतरावांचा मारवा अस्वस्थता लपवत नाही, तो तिच्याशी झोंबतो. सुरांवर झेप घेतो, निसटतो, पुन्हा येतो. एक राग, आणि त्यात दोन माणसं उलट्या तोंडाने बसलेली. कोणता खरा, असं मी एकदा विचारलं. दोघांनीही मला उत्तर दिलं नाही, हा त्यांच्यातला माझ्या माहितीतला एकमेव करार.

एका बाबतीत मात्र मी पूर्णपणे बाईंच्या बाजूचा आहे. मारवा म्हटलं की कातरवेळ, विरह, मावळतीची हुरहुर असं ठरून गेलं आहे. मराठी माणसाच्या कानात तर भा. रा. तांब्यांची कविता, हृदयनाथांची चाल आणि लताबाईंचा आवाज घेऊन ‘मावळत्या दिनकरा’ पक्कं बसलेलं असतं. चाल मोठी आहे, तिच्याबद्दल बोलणं नाही. पण शिकणारा ती ऐकून येतो आणि मारव्याच्या पहिल्याच स्वराला गळा दाटून आणतो.

बाई: हुंदका काढून टाका. रे सरळ लावा.

मी: पण राग करुण आहे ना?

बाई: राग काय आहे ते ऐकणारा बघेल. तुम्ही रडलात की रे हलतो, आणि रे हलला की मारवा गेला. दिवेलागणीला शेजारी पोरं शुभं करोति म्हणतात ती बघा कशी खणखणीत म्हणतात. तशा आवाजात म्हणा.

नाना ह्यावर हसले, पण विरोध केला नाही. त्यांना दुसरंच काही सांगायचं होतं. त्यांचा नातू गिटार वाजवतो आणि त्याने त्यांना लोक्रियन नावाची एक पाश्चात्त्य स्वरमाला ऐकवली होती. बिलावलच्या स्वरांत निषादाला सा मानलं की ती तयार होते. तिच्यात रे, ग, ध, नी कोमल आणि पंचमाच्या जागी अर्धा स्वर खाली घसरलेला, म्हणजे आपला तीव्र मध्यम. घरचा पंचमच नसल्याने तिथली मंडळी त्या घरात फारशी राहत नाहीत. दोन पावलं टाकून परत शेजारच्या बिलावलात निघून जातात, असं नानांचं म्हणणं.

बाई: आणि आपण?

नाना: आपण तिथेच तासभर राहतो, दाराला कडी न लावता.

बाई: पाहिलंत ना, मग? ते समजून घेतात म्हणून निघून जातात.

हा टोला नानांनी झेलला, पण मला तो अर्धाच पटला.

कारण बाईंचं भाकीत खरं ठरलं होतं. नानांनी भूप दाखवल्यानंतर दोन आठवडे माझा मारवा पार बिघडला. ध वर स्थिरावलो की मला खरंच घरी आल्यासारखं वाटायचं. ध नि रे, रे नि ध असं गोड गोड फिरत राहायचो. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. तंबोरा तिकडे सा सा म्हणून सांगतोय आणि मी त्याला ऐकतच नाही. एकदा तर बाईंनी तंबोराच थांबवला आणि मी तसाच गात राहिलो. भूप गात होतो मी, काळी एकचा गंधार घेऊन, आणि मला ते कळलंही नाही. बाई नानांकडे नुसतं बघत होत्या.

पण तिथेच मला माझं औषध सापडलं, आणि ते नानांच्याच पेटीतलं होतं. गाताना धैवत मायेचा वाटू लागला, त्यावर टेकावंसं वाटलं, की समजायचं, सा कानातून सुटला. भूप ही मारव्यातली धोक्याची घंटा आहे. आधी मला चूक झाल्याचं बाईंच्या टिचकीने कळायचं. आता ते आतून कळू लागलं, आणि कळलं की काय करायचं तेही ठरलेलं: गाणं थांबवायचं, दोन श्वास तंबोरा ऐकायचा, निषाद आणि जोड ऐकायची, आणि मग पुन्हा नि रे पासून. सा न गाण्याचा रियाज म्हणजे खरं तर सतत सा ऐकण्याचा रियाज आहे, हे बाईंना पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं. त्यांनी ते कधी सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते ते सांगण्यासारखं नाही. नानांनी सांगितलं आणि दोन आठवडे मला बुडवलं. मला दोन्ही लागले, पण आधी बाईंचं लागलं. महिनाभर नुसती अस्वस्थता भोगलेली नसती तर घंटा वाजल्याचंही मला ऐकू आलं नसतं. हे मी बाईंना सांगितलेलं नाही. नानांना सांगितलं, त्यांनी बाईंना सांगितलं असणारच.

आषाढातल्या एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, “आता घ्या सा.” रे नि ध करत खाली गेलो, नि रे, आणि सा. लगेच सोडायला लावला. पाहुण्याने पाणी प्यावं आणि उठावं एवढाच. पण त्या एका सा साठी नानांनी भाता थांबवला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

घरात पेटी असेल तर हा प्रयोग जरूर करा. एकट्याने करू नका. कुणाला तरी पांढरी एक दाबून धरायला बसवा आणि तुम्ही पांढरी सहा, पांढरी सात, काळी एक, पांढरी तीन, काळी तीन अशा पट्ट्या हळू हळू वाजवा. ज्याने पांढरी एक धरली आहे त्याला कंटाळा येईल आणि तो मध्येच बोट उचलेल. त्याच्यावर ओरडू नका. वाजवत राहा आणि त्या क्षणी काय बदललं ते नीट ऐका. मग त्याला सांगा, पुन्हा धर.